धरलेला शब्द

चहावरची साय फाटली नव्हती.

आईने कप उचलून ओठांना लावला होता, घोट घेतल्यासारखा गळाही हलला होता. मग तिने कप पुन्हा बशीत ठेवला. पण साय एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तशीच ताणलेली होती. मधोमध एक बारीक सुरकुती होती, ती चहा निवताना आपोआप पडलेली. कपातला चहा कमी झाला होता तो वाफेने गेला तेवढाच. शाळेत बाष्पीभवनाचा धडा झाला तेव्हापासून धाकटीला हा फरक कळायला लागला होता. तेव्हापासून ती कपाकडे बघायचं टाळायची, आणि रोज बघायची.

"जमलाय का चहा?" तिने विचारलं.

"छान झालाय."

"साखर घातलीच नाही आज."

आई क्षणभर थांबली. "हो का? मग तुझ्या हातालाच गोडी असेल."

दोघी हसल्या. खाली लॉन्ड्रीचं शटर ओढल्याचा आवाज आला. आईने सवयीने कपाळावरचे केस मागे सारले. "इस्त्रीचा प्लग काढलास ना, पिल्लू?"

"काढला."

"मागचं दार?"

"लावलं."

बाबा जिना चढून वर आले. दिवसभर कपड्यांची गाठोडी पोहोचवून त्यांच्या शर्टाला पाठीवर घामाचा पट्टा पडला होता. ते आईसमोरून गेले, हात धुतले आणि टेबलापाशी येऊन तो कप उचलला. तो कोणाचा ते त्यांनी विचारलं नाही. मोरीत ओतून दिला.

"टाकू नका म्हणावं," आई म्हणाली. "दूध वाया जातं."

धाकटीला हसू आलं. बाबांनी वळून पाहिलं. "काय झालं?"

"काही नाही."

ते थोडा वेळ ओला कप हातात धरून उभे राहिले. "दोन कप टाकायची सवय जात नाही, मला कळतं," ते म्हणाले. "माझासुद्धा हात अजून दुसऱ्या बाजूच्या उशीवर जातो. पण हळूहळू एकच करायला शिकू या, काय?"

आई त्यांच्याकडे बघत होती. मग ती उठली, धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि म्हणाली, "येते गं."

ती जिना उतरून गेली. फरशीवर तिची ओली पावलं उमटली होती. ती कडेकडेने आत आत वाळत गेली आणि शेवटी टाचेच्या जागी नाण्याएवढा ओलावा उरला. मग तोही गेला.

*

आईच्या माहेरच्या बायका चेटकिणी होत्या. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. झाडूवर बसून उडणं वगैरे चित्रांच्या पुस्तकातलं. आई म्हणायची, आमच्या घरात झाडू झाडायला पुरत नाही, उडायला कुठून आणू? त्यांना एकच गोष्ट यायची. शब्द धरणं.

माणसाच्या तोंडून शब्द निघाला की त्याची ऊब क्षणभर हवेत राहते. ती विरायच्या आत शब्द धरायचा, हाताने नव्हे, पण मूठ आवळावी तितक्याच नेटाने. मग तो खरा होऊनच राहतो, बोलणाऱ्याच्या मनात असो वा नसो. एकदा नळवाला "उद्या सकाळी नक्की येतो ताई" म्हणाला आणि आईने ते धरलं. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी तो तोंडात ब्रश तसाच घेऊन दारात उभा. आपण इथे कसे पोहोचलो हे त्याला काही केल्या आठवेना. आईने त्याच्याकडून गळका पाइप बदलून घेतला आणि वर चहा पाजला.

धाकटीला हे तेराव्या वर्षी यायला लागलं. आईने तेव्हाच बजावलं होतं, दुखणेकऱ्याचा शब्द धरायचा नाही आणि आपल्या माणसाचा तर कधीच नाही.

"का?"

"कारण आपली माणसं निम्मं बोलणं सवयीने बोलतात. दिवसातून दहा वेळा मी म्हणते, जीव खाल्लास माझा. धरशील?"

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये धाकटी हे सगळं विसरली. ऑपरेशनच्या खोलीकडे नेणाऱ्या ट्रॉलीचं एक चाक वाकडं फिरत होतं. आईच्या केसांवर हिरवी टोपी घातली होती आणि त्या टोपीत ती एखाद्या लहान मुलासारखी दिसत होती. दार उघडलं. आईने मान कलती करून, कोपऱ्यावरून धागा आणायला निघाल्यासारखं म्हटलं, "येते गं."

शब्द ऊबदार होता. धाकटीने तो धरला.

पुढे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढून बाबांशी हळू आवाजात बोलले. माणसं आली, सगळं उरकलं, माणसं गेली. आणि दुसऱ्या दिवशी लॉन्ड्री बंद करायच्या वेळेला जिन्यात पावलं वाजली. आई दारात उभी होती. "आले गं," ती म्हणाली. "दमले."

सुरुवातीला ती जवळजवळ पूर्वीसारखीच होती. पण लॉन्ड्रीत वाढलेल्या मुलीला कापड कसं विटतं ते ठाऊक असतं. रंग एकदम जात नाही. आधी घड्यांवरून जातो, मग कडांवरून. आईचे कोपर फिके झाले, मग बोटांची टोकं, मग केसांची. रोज संध्याकाळी धाकटी तिला नीट निरखून बघायची आणि स्वतःला सांगायची, कालच्याइतकीच आहे.

*

"तुझी आई दिवसभर कुठे असते गं?" काडीने विचारलं.

सुट्टीचा दिवस होता. काडी कपडे घडी करायच्या टेबलावर बसून पाय हलवत होती. ती धाकटीच्या वर्गात होती आणि तीही चेटकीणच, पण वेगळ्या घरची. तिच्या हातात ऊब होती. प्रयोगशाळेत काडेपेटी सापडत नसताना तिच्यासमोरचा स्पिरिटचा दिवा आपोआप पेटला होता. बाईंनी तिचे खिसे तपासले, काही सापडलं नाही, पण नाव पडलं ते पडलंच. धाकटीखेरीज आई दिसायची ती एकट्या काडीलाच. बाबांना ती दिसत नव्हती.

"कुठे म्हणजे? असते," धाकटी म्हणाली.

"कधी विचारलंस?"

धाकटीने शर्टाची कॉलर पुन्हा एकदा दाबली. तिची इस्त्री झालेली होती.

"काल मी बसमधून बघितलं त्यांना," काडी म्हणाली. "पुलाच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यावर. चालत होत्या. अनवाणी. मी उतरले आणि मागे पळाले. एक ट्रक त्यांच्या अंगातून गेला, तरी चालतच होत्या."

"मग?"

"म्हटलं, काकू, बसा ना जरा. तर म्हणतात, बसायला वेळ कुठे आहे, पोरीकडे पोहोचायचंय संध्याकाळपर्यंत. मी म्हटलं, मग कालच राहायचं होतं तिथेच. त्या म्हणाल्या, राहता येत नाही गं, यायचं म्हणजे आधी लांब जावं लागतं. आणि रस्ता रोज थोडा वाढतो म्हणाल्या." काडीने हलणारे पाय थांबवले. "तिला सांगू नकोस, असंही म्हणाल्या."

"मग सांगतेस कशाला?"

"मी हात धरला त्यांचा. म्हटलं, निदान ऊब तरी द्यावी. भिंतीला दिली तर भिंतसुद्धा तापते. तिथे काहीच नाही. नुसती निघून गेली माझ्या हातातून."

"तुला कोणी सांगितलं होतं नसत्या उचापती करायला?" धाकटीचा आवाज चढला. "तुझी आई घरी बसून तुझे डबे भरते. तुला काय कळणार? काडीची अक्कल नाही तुला."

"नावातच आहे ती," काडी म्हणाली. पण ती हसली नाही.

करपल्याचा वास आला. काडीने तळहात उचलला. तिच्या हाताखालच्या पांढऱ्या चादरीवर पाच बोटांचा तपकिरी ठसा उठला होता.

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या.

"मी भरून देईन," काडी पुटपुटली. मग म्हणाली, "सोड त्यांना."

"मला सोडता येत नाही. फक्त धरायला शिकवलं होतं तिने."

"येत नाही की शिकायचं नाही?"

धाकटीने चादर साबणाच्या पाण्यात बुडवली आणि घासत बसली. करपलेलं धुण्याने जात नाही हे तिला माहीत होतं.

*

मावशी औषधांच्या दुकानात काम करायची. दुपारी गिऱ्हाईक नसतं त्या वेळेला धाकटी गेली. मावशी गोळ्यांची पाकिटं खणांत लावत होती. तिने वर न बघताच स्टूल पुढे सरकवलं.

"मला वाटलंच होतं येशील," ती म्हणाली. "तुझे बाबा म्हणत होते, जेवणाच्या टेबलापाशी एक खुर्ची रोज ओली होते. छत गळतं का ते बघायला माणूस बोलावणार होते. मी म्हटलं, थांबा."

"तुला दिसते ती?"

"नाही गं. ही नजर वयाबरोबर जाते. चाळिशीत जवळचं वाचता येईना झालं, त्याच सुमाराला हेही गेलं. चष्म्याने त्यातलं एकच परत आलं." मावशीने खण बंद केला. थोडा वेळ तिचा हात खणाच्या कडीवरच राहिला. "कशी दिसते?"

"चांगली."

मावशीने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "खोटं बोलताना तू अगदी तिच्यासारखी कानाची पाळी चोळतेस."

धाकटीने हात खाली घेतला.

"शब्द धरणारीनेच सोडायचा असतो," मावशी म्हणाली. गोळ्या कशा घ्यायच्या ते गिऱ्हाइकाला सांगावं तशा सुरात तिने सांगितलं. "समोर उभं राहून, मोठ्याने. मनातल्या मनात म्हणून चालत नाही. आणि 'सोडलं' म्हणून तर मुळीच सुटत नाही. जो शब्द धरलास, त्याच्या उलटा शब्द लागतो."

धरलेला शब्द कोणता, ते मावशीने विचारलं नाही. घराबाहेर पडताना आई काय म्हणायची ते तिच्या बहिणीला वेगळं सांगायला नको होतं.

"पण तो शब्द आमच्या घरात कोणी बोलतच नाही," धाकटी म्हणाली.

ते खरं होतं. शाळेला उशीर होत असताना चुकून "जाते" तोंडून निघालं तर आई दप्तराचा पट्टा धरून मागे ओढायची. जाते नाही, येते म्हण. पाहुणे उठता उठत नसले आणि त्यांना वाटेला लावायचं असलं, तरी आई "या आता" म्हणायची. रागाच्या भरातसुद्धा तिने कधी कोणाला त्या दुसऱ्या शब्दाने दार दाखवलं नव्हतं.

"म्हणून तर सोपं नाही," मावशी म्हणाली.

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ती येत राहील. शब्दच तसा आहे. तिच्यातलं एकेक वाटेत गळून पडेल, तुझं नाव, माझं नाव, स्वतःचंही. येणं तेवढं उरेल."

दुकानात एक म्हातारे गृहस्थ शिरले. मावशीने त्यांची चिठ्ठी घेतली, बाटली काढून दिली, दिवसातून किती वेळा ते समजावून सांगितलं. ते गेल्यावर ती पुन्हा धाकटीकडे वळली. तिचे डोळे लाल झाले होते.

"काय करू ते मला विचारू नकोस," ती म्हणाली. "माझी बहीण आहे ती. मी चुकीचंच सांगेन."

*

परीक्षा झाली की, असं धाकटीने ठरवलं. परीक्षा झाली. मग वाटलं, आईला यंदाचे मार्क कळू देत. मार्क कळले. आई म्हणाली, "वा, विज्ञानात पहिली." मग धाकटीला सर्दी झाली, आणि आजारी असताना असलं काही करू नये असं तिनेच स्वतःला सांगितलं. रोज संध्याकाळी शब्द गळ्यापर्यंत यायचा, आणि त्याच वेळी आई काहीतरी साधंसं विचारायची. ओढण्या नीट वाळल्या का, वगैरे. मग शब्द पुन्हा खाली जायचा.

न्हाणीघरात आरशासमोर उभं राहून तिने सराव करून पाहिला. जीभ टाळूला लागायची. पुढे तोंड उघडायचं नाही.

काडी रोज येत होती. त्या विषयावर चकार शब्द काढत नव्हती. फक्त बाह्यांच्या घड्या घालायची, आणि कधीकधी थंडीने गारठलेले धाकटीचे हात आपल्या हातांत धरून बसायची. एकदा तिने विचारलं, "संध्याकाळी येऊ का मी? नुसती बसेन कोपऱ्यात."

"नको," धाकटी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुला परत भेटली का?"

"हो."

"काय म्हणाली?"

काडीने शर्टाची बटणं शेवटपर्यंत लावली. "मला ओळखलं नाही त्यांनी."

त्यानंतर आईने इस्त्रीच्या प्लगचं विचारणं सोडलं. मग मागच्या दाराचं. एके दिवशी धाकटीच्या लक्षात आलं, की "पिल्लू" ही हाक ऐकून बरेच दिवस झाले. फरशीवरच्या पावलांत पूर्वी टाच आणि बोटं वेगळी दिसायची. आता नुसते लांबट ओले फराटे उमटत होते, पाय उचलायचं त्राण नसलेल्या माणसाचे.

*

त्या संध्याकाळी बाबा लवकर घरी आले होते. आईच्या खुर्चीत बसून ते शर्टाला बटण लावत होते. शर्ट निळा होता आणि दोरा काळा. घरात सगळ्या रंगांचे दोरे होते, पण ते कुठे असतात हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. धाकटीने दुसरी खुर्ची ओढून आईसाठी मोकळी ठेवली.

लॉन्ड्री बंद होऊन बराच वेळ झाला. रस्त्यावरचे दिवे लागले. केलेला चहा गार झाला, तेव्हा कुठे जिन्यात आवाज आला. पाय घासत, मधे थांबत. दोन पायऱ्यांमध्ये इतका वेळ जात होता, की धाकटीला वाटलं, आज ती वरपर्यंत येतच नाही. आणि आपल्याला त्याने बरं वाटलं, हे तिच्या लक्षात आलं.

आई दारात उभी राहिली. तिच्यामागच्या भिंतीवरचा खिळा तिच्यातून दिसत होता. तिने चौकट धरली होती. पावलांखाली पाणी साठत होतं. ती घरभर बघत होती, आणि नजर कुठेच ठरत नव्हती. मग ती बाबांवर थांबली.

"पाहुणे आलेत वाटतं," ती म्हणाली.

"बाबा आहेत," धाकटी म्हणाली.

बाबांनी मान वर केली. "काय?"

"बरं, बरं. बसू दे त्यांना," आई म्हणाली. अनोळखी माणसांसमोर ती असाच आवाज मृदू करायची. "मी नाही बसत. परत निघायला हवं. नाहीतर उद्या पोहोचायची कशी?"

बाबांचा हात थांबला होता. ते धाकटीच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग ती बघत होती तिकडे, दाराकडे. तिथे कोणी नव्हतं. फरशीवर पाणी मात्र होतं, आणि ते हळूहळू पसरत होतं. त्यांनी सुई शर्टात खोचली आणि खुर्ची रिकामी करून उभे राहिले.

"आहे का इथे?" त्यांनी विचारलं. आवाज इतका हळू होता, की प्रश्न अर्धा त्यांच्या घशातच राहिला.

धाकटीने हो म्हणून मान हलवली.

"काय म्हणते?"

"बसायला वेळ नाही म्हणते."

बाबांनी खुर्चीची पाठ घट्ट पकडली. "कधी होता तिला," ते म्हणाले.

धाकटी दारापर्यंत गेली. इतक्या जवळून आईचा चेहरा वारंवार धुतलेल्या मलमलीसारखा दिसत होता, फक्त उभे-आडवे धागे शिल्लक असलेला. कडेची एक वीण सुटली की सगळंच उसवेल असा.

"कोणाकडे पोहोचायचंय, आई?"

आई विचार करायला लागली. कपाळाला आठी पडली. कपाटात एखादी वस्तू शोधावी तशी ती आतल्या आत शोधत होती, आणि एकेक खण रिकामा निघत होता. धाकटी थांबली. आपल्याकडे बघून तरी तिला आठवेल असं तिला अजून वाटत होतं.

"एक पोरगी आहे," आई शेवटी म्हणाली. "लहान आहे. वाट बघत बसते. उशीर झाला की रडते." तिने धाकटीकडे आर्जवाने पाहिलं, वाटेत भेटलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं. "तुला माहितीये का गं ती?"

"माहितीये," धाकटी म्हणाली.

"मग तिला सांगशील? म्हणावं, निघालेय. पाय उचलत नाहीत म्हणून वेळ लागतोय." तिने चौकटीवरचा हात काढला आणि जिन्याकडे वळली. वळताना सवयीने मान कलती केली आणि ओठ उघडले.

"नको, थांब," धाकटी म्हणाली.

आई थांबली. मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता. खालून ओल्या कापडाचा आणि कांजीचा वास येत होता. धाकटीने जीभ टाळूला लावली. तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"ती आता रडत नाही," ती म्हणाली. "मोठी झाली ती. तू पोहोचलीस तिच्यापर्यंत, रोज पोहोचलीस. आता परत यायचं नाही."

आई ऐकत होती.

"जा, आई," धाकटी मोठ्याने म्हणाली. "जा."